बाँड, गिरमिट आणि उचल

पहिल्या नोकरीत मी दोन वर्षांचा बाँड लिहून दिला होता. मुदतीआधी सोडली तर दीड लाख भरा. कँटीनमध्ये आम्ही सगळे स्वतःला 'वेठबिगार' म्हणायचो. विनोद शिळाच, पण दर सोमवारी सकाळी ताजा वाटायचा.

गेल्या दिवाळीत पलूसला घरी गेलो तेव्हा हाच विनोद काकांना ऐकवला. काकांचा ट्रॅक्टर आहे, ऊस वाहतुकीचा. ते म्हणाले, "दीड लाखाचं काय घेऊन बसलास? त्या मुकादमाकडं माझं बारा लाख अडकल्यात!"

हसता हसता मला एक जुनी संध्याकाळ आठवली आणि विनोद घशातच राहिला. ती सांगतोच, पण आधी ज्यांनी ऊस फक्त रसवंतीत पाहिलाय त्यांच्यासाठी थोडी माहिती.

आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बऱ्याचशा बीडकडून, काही आमच्याच जिल्ह्याच्या दुष्काळी भागातून, जतकडून. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसं मोजायचं एकक हत्यार आहे, हे लहानपणी कधी खटकलं नाही. हंगामाआधीच मुकादम प्रत्येक कोयत्याला एकरकमी पैसे देतो. ती 'उचल'. त्या पैशात लग्न, दवाखाना, जुनं कर्ज असं काहीबाही भागतं. मग पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. तोडणीचा दर टनावर, कामाला तासांचा हिशोब नाही. एक दिवस पडून राहिलं तर 'खाडा', म्हणजे त्या दिवसाची कमाई गेलीच, वर बऱ्याच टोळ्यांत दंडही. शेवटी उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाला.

आता ती संध्याकाळ. मी चौथीत असेन. आमच्या फडात तोड चालू होती आणि एक तोडकरी दारात आला. गावाकडं आई गेली होती, त्याला बायको-पोरांसकट निघायचं होतं. काका ओट्यावर बसले होते. म्हणाले, "जा की. पण एकटा जा. बायको-पोरं राहू देत, उचल फिटायची आहे." तो थोडा वेळ उभा राहिला आणि एकटाच गेला. वडिलांनी त्याला एसटीच्या भाड्याला पैसे दिले. आईने भाकऱ्या बांधून दिल्या. आम्ही चांगली माणसं होतो. त्याची बायको आणि दोन पोरं आमच्या शेतात तारण पडली आहेत, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

परवा शनिवार-रविवार या 'तारण' शब्दाचा माग काढत बसलो, आणि तो बराच मागे गेला.

पेशवाईत कुणबिणी आणि बटकींची खरेदी-विक्री होत असे, तिच्या नोंदी कागदोपत्री आहेत. म्हणजे 'गुलामगिरी तिकडे अमेरिकेत' हा आपला समज मुळातच चुकीचा. इंग्लंडने १८३३ साली आपल्या साम्राज्यातली गुलामगिरी बंद करायचा कायदा केला, पण कंपनी सरकारचा हिंदुस्थान त्यातून वगळला. इथे कायदा आला तो १८४३ मध्ये, आणि तोही एवढंच म्हणाला की गुलामावरचा मालकी हक्क कोर्ट मानणार नाही. गंमत बघा, १८३३ च्या कायद्यानुसार दोन कोटी पौंड भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांना शून्य. त्यासाठी काढलेलं कर्ज ब्रिटनने पूर्ण फेडलं ते २०१५ साली!

गुलाम सुटले, पण मॉरिशसमधला ऊस तसाच उभा होता. तो कोण तोडणार? मग हिंदुस्थानातून करारावर माणसं नेणं सुरू झालं. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' जहाज कलकत्त्याहून मॉरिशसला पोहोचलं. पुढे मुंबई बंदरातूनही माणसं गेली, आणि त्यांत आपली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, गणपती बसवतात. आपल्याला ते कौतुक ठाऊक असतं, पण हे लोक तिथे का गेले ते सहसा कोणी सांगत नाही.

'अ‍ॅग्रीमेंट'चं त्यांनी 'गिरमिट' केलं. पाच वर्षांचा करार, सुरुवातीला पुरुषाला महिना पाच रुपये, आणि निघतानाच काही महिन्यांचा पगार आगाऊ. तिथे एक नियम होता, 'डबल कट'. एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापायचा.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप बाजूला ठेवला. हा तर खाडा! आमच्या फडातला खाडा!

गिरमिटियांची भरती १९१७ मध्ये थांबली. आमच्या भागात तर पुढे आणखी मोठं काही घडलं. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथे चाललं, आणि पलूस तालुक्यातलं कुंडल हे त्याचं एक मुख्य केंद्र. सावकारांना वठणीवर आणणं हे त्याचं एक ठळक काम. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार दोन्हींवर बंदी घातली, एकाच वाक्यात. मग १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आला. (त्याचा वटहुकूम १९७५ च्या ऑक्टोबरात, ऐन आणीबाणीत निघाला. लोकांचं स्वातंत्र्य गोठवलेलं असताना वेठबिगारांना मुक्त करणारा वटहुकूम! असो.)

हा कायदा मी मुळातून वाचला. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला दुसरीकडे काम करायचा किंवा मोकळं फिरायचा हक्क गमवावा लागत असेल, तर ती वेठबिगारी. असं कर्ज रद्द समजायचं. कर्ज तसलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्यावर. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्या. भगवती आणखी पुढे गेले. किमान वेतनापेक्षा कमी पैशात माणूस राबतो तो गरिबीच्या रेट्याने, म्हणून तीही सक्तीच, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं. पायात साखळी दिसायलाच हवी असं नाही.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे पाच कोटी माणसं आधुनिक गुलामगिरीत होती. आकडा वाचून आपण हळहळतो आणि पुढचा टॅब उघडतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. दुखण्यापायी खाडा पडणं परवडत नाही, हे त्यामागच्या कारणांपैकी एक.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. आवाज जरा चढलाच माझा. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, तो समदा गेला असता तर पैसं कुणी फेडलं असतं? तुझ्या बापानं? कारखान्याकडनं माझ्या नावावर उचललेलं असतंय ते."

त्यांचंही खोटं नाही. उचल घेऊन पसार झालेल्या मुकादमांपायी आमच्याकडे कित्येक ट्रॅक्टरवाल्यांच्या जमिनी गहाण पडल्यात. कारखान्याचा करार काकांशी, काकांचा मुकादमाशी, मुकादमाचा कोयत्याशी. जबाबदारी एकेक पायरी खाली ढकलत नेलेली. आमच्या भाषेत सबकॉन्ट्रॅक्टिंग. ऊस तोडणारा कारखान्याच्या मस्टरवर कुठेच नाही. तो नोकरच नाही, तर मालक कोणाला म्हणायचं? मॉरिशसच्या गिरमिटियाकडे निदान मालकाचं नाव लिहिलेला कागद होता.

आणि या साखळीत मीही आहे. इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांची फी उसाच्या बिलातून गेली. दीड लाखाच्या बाँडवर मी दोन वर्षं रडलो, पण त्या दोन वर्षांत माझी आजी वारली तेव्हा मॅनेजरने चार दिवस सुट्टी दिली. आईला माझ्याबदल्यात ऑफिसात बसवून घेतलं नाही.

त्या माणसाचं नाव मला आठवत नाही. काकांनाही आठवत नाही. "अंबाजोगाईकडचा होता, एवढं ध्यानात हाय," म्हणाले. मग जरा थांबून, "उचल मातूर फेडली बरं का त्यानं. सगळी."

कँटीनमध्ये तो विनोद आता मी करत नाही.