राष्ट्रीय उद्यानाची घोषणा आणि जाहीरनाम्याची भाषा

राष्ट्रीय उद्यानाविषयीच्या धोरणाची परीक्षा कोठे होते, असे विचारले असता सामान्यतः मंत्रालयाकडे वा विधिमंडळाकडे बोट दाखविले जाते. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचा क्रम पाहता तिचा निर्णायक भाग गावच्या चावडीवर घडतो असे दिसून येते.

कलम ३५ अन्वये राज्य शासन प्रथम केवळ आपला इरादा प्रसिद्ध करते. त्यानंतर जिल्हाधिकारी हद्दीतील व लगतच्या प्रत्येक गावी प्रादेशिक भाषेत जाहीरनामा काढतो. ज्याचा त्या भूमीवर हक्क असेल त्याने तो दोन महिन्यांच्या आत लेखी मांडावयाचा असतो. चौकशीअंती हक्क मान्य झाल्यास जमीन वगळावी अथवा संपादित करावी, हे दोनच मार्ग उरतात. अभयारण्यात मान्य हक्क पुढे चालू ठेवण्याची तिसरी वाट कायद्याने मोकळी ठेविली आहे. राष्ट्रीय उद्यानास ती लागू नाही. गुरांची चराईही तेथे सर्वस्वी निषिद्ध आहे. सारे दावे निकालात निघाल्यावरच अंतिम घोषणा होते.

येथे शब्दांनी विलक्षण घोटाळा केला आहे. ‘अभयारण्य’ म्हणताच कडक बंदीचे रान डोळ्यांपुढे येते, तर ‘उद्यान’ म्हणताच फुलझाडांची बाग. कायद्यातील कठोरता नेमकी उलट आहे. केवळ शब्दावर विसंबणारा शेतकरी ज्या जाहीरनाम्याला घाबरावयास हवे त्यालाच निर्धास्तपणे सामोरा जाईल.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत एकही राष्ट्रीय उद्यान नाही. गोदावरीच्या वरच्या अंगास पैठणजवळ जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ मध्ये झाले. खाली गंगाखेडला कलम ३५ चा अनुभव आलेला नाही. परंतु सरकारी कागदाच्या परक्या भाषेचा अनुभव या गावास जुना आहे. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात असताना वरिष्ठ कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. नदीला ‘गंगा’ म्हणणाऱ्या मराठी रयतेस तो कागद दुसऱ्याकडून समजावून घेणे प्राप्त होते. १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९६४ च्या अधिनियमाने मराठी राजभाषा ठरली. गंमत अशी की ‘हक्क’, ‘दावा’, ‘हरकत’, ‘अर्ज’ हे अरबी मुळाचे शब्द कुणबी सहज जाणतो. ‘अधिसूचना’ आणि ‘उद्घोषणा’ या संस्कृतोद्भव शब्दांपाशी तो अडखळतो. भाषा मराठी झाली म्हणजे मजकूर कळला, असे मानता येत नाही.

महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान ताडोबा हे १९५५ चे, म्हणजे चांदा जिल्हा मध्य प्रदेशात असतानाचे, क्षेत्र ११६.५५ चौरस किलोमीटर. १९७२ चा कायदा त्यानंतरचा. त्या कायद्याच्या मूळ पाठात उद्यानाची हद्द बदलण्यास राज्य विधिमंडळाचा ठराव आवश्यक होता. २००२ च्या दुरुस्तीने त्या जागी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस आली. तज्ज्ञतेच्या दृष्टीने हा बदल समर्थनीय असेलही, तथापि मराठीतून उघड चर्चा होण्याचे एक स्थान त्यामुळे नाहीसे झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने संकटग्रस्त वन्यजीव अधिवासातून लोकांना हलविण्यापूर्वी ग्रामसभेची माहितीपूर्वक लेखी संमती आवश्यक केली, ही त्याची अंशतः भरपाई म्हणता येईल.

त्याच २००२ च्या दुरुस्तीने दाव्यांची चौकशी शक्यतो दोन वर्षांत पुरी करावी, अशी मर्यादा घातली. दावा मांडणाऱ्याची मुदत मात्र दोन महिन्यांचीच राहिली.