गाडी बंद पडली, दुकान चालू राहिलं

आजच्या एपिसोडची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. समजा तुमचं गाड्यांचं छोटं शोरूम आहे. नवीनच टाकलंय. कंपनीकडून जो माल येतो तो दर चार दिवसांनी रस्त्यात बंद पडतो. गिऱ्हाईक चिडलेलं आहे, आणि पाटीवर तुमचं नाव आहे. काय कराल?

हा प्रश्न १९३५ साली जपानमधल्या नागोया शहरात एका डीलरसमोर खरोखर उभा राहिला होता. त्या दुकानाचं नाव हिनोदे मोटर्स. पण तिथे जाण्याआधी पंधरा वर्षं मागे, अमेरिकेत जाऊन येऊ. कारण डीलर आणि कंपनी यांच्यात पैशाचं ओझं कोणाच्या डोक्यावर असतं, हे तिथे फार स्पष्ट दिसतं.

१९१९ मध्ये हेन्री फोर्डने आपल्या कंपनीतल्या बाकी भागीदारांचे शेअर्स विकत घेतले. खर्च आला साडेदहा कोटी डॉलरच्या आसपास. त्यासाठी कर्ज काढलं. आणि पुढच्याच वर्षी बाजारात मंदी आली. सप्टेंबर १९२० मध्ये फोर्डने किमती एकदम पाडल्या. मॉडेल टीची टूरिंग गाडी ५७५ डॉलरवरून ४४० वर आली. पेपरात वाचणाऱ्याला वाटलं, वा, काय दिलदार माणूस! पण ज्या डीलरने जुन्या भावाने गाड्या घेऊन दुकानात उभ्या केल्या होत्या, त्याचं काय? त्याचा तोटा त्याच्याच खिशातून.

खरी गंमत पुढे आहे. १९२१ च्या सुरुवातीला फोर्डला कर्ज आणि कर भरायला रोख पैसा हवा होता, पण बँकांच्या दारात जायचं नव्हतं. मग कारखान्यात पडून असलेल्या सुट्या भागांपासून गाड्या जोडल्या आणि देशभरातल्या डीलरांकडे रवाना केल्या. मागितल्या असोत वा नसोत. गाडी रेल्वेने स्टेशनात येणार, आणि आधी पैसे भरल्याशिवाय ताब्यात मिळणार नाही. नाही म्हणालात तर एजन्सी जाण्याची भीती. त्यामुळे गावोगावच्या छोट्या डीलरांनी आपापल्या गावातल्या बँकांकडून कर्जं काढली आणि फोर्डला पैसे पोचवले. थोडक्यात, फोर्डचं कर्ज हजारो लहान तुकड्यांत डीलरांच्या नावावर गेलं. कंपनी तरली. इतिहासात हे फोर्डच्या हुशारीचं उदाहरण म्हणून सांगतात. त्या काळात ज्याने नुकतंच दुकान टाकलं होतं त्याला ही हुशारी कशी वाटली असेल, याचा विचार करून बघा.

आता जपान. तिथे १९२५ पासून फोर्डचा योकोहामात आणि १९२७ पासून जनरल मोटर्सचा ओसाकात जोडणीचा कारखाना होता. रस्त्यावर दिसणारी गाडी म्हणजे बहुतेक अमेरिकनच. १९३१ च्या शेवटी जपानने सोन्याची निर्यात थांबवली, येन घसरला आणि बाहेरून येणारे सुटे भाग महाग झाले. विदेशी गाड्या विकणाऱ्या डीलरांची कोंडी व्हायला लागली.

जनरल मोटर्सच्या जपान शाखेत तेव्हा शोतारो कामिया नावाचा माणूस विक्रीचं काम बघायचा. अडचणीत आलेल्या जपानी डीलरांशी कंपनी किती कोरडेपणाने वागते, हे त्याने जवळून पाहिलं होतं आणि ते त्याला पटत नव्हतं. त्याच वेळी नागोयाजवळच्या कारिया गावात किइचिरो टोयोदा हा इंजिनिअर वडिलांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात मोटारगाडी बनवायच्या मागे लागला होता. हो, मागाच्या कारखान्यात. १९३५ मध्ये कामियाने जनरल मोटर्स सोडली आणि तो टोयोदांकडे आला. येताना त्याने आपल्या ओळखीतले डीलर वळवायला सुरुवात केली. त्यातलं पहिलं दुकान हिनोदे मोटर्स, जे आधी शेव्हरोले विकत होतं.

त्या दुकानदाराने काय सोडलं हे लक्षात घ्या. शेव्हरोले म्हणजे जगभर चाललेला माल. आणि घेतलं काय? जी-१ नावाचा ट्रक, ज्याच्या कंपनीने आयुष्यभर माग बनवलेले. नोव्हेंबर १९३५ मध्ये टोकियोत या ट्रकचं पहिलं प्रदर्शन होतं. कारियाहून निघालेल्या ट्रकपैकी एकाचं स्टिअरिंग वाटेतच बिघडलं. रस्त्यात दुरुस्ती करून तो कसाबसा वेळेत पोचवला. आमच्या क्षेत्रात याला म्हणतात, डेमोच्या आदल्या रात्री सर्व्हर झोपणं.

डिसेंबरमध्ये हिनोदेने विक्री सुरू केली. किंमत फोर्ड-शेव्हरोलेपेक्षा सुमारे २०० येनने कमी ठेवली. ही किंमत बनवण्याच्या खर्चावरून काढलेली नव्हतीच. गिऱ्हाईक किती दिलं तर या नवख्या ट्रकला हात लावेल, यावरून काढली होती. तोटा कंपनीने सोसायचा असं ठरलं. फोर्डच्या गोष्टीशी ताडून बघा, ओझं बरोबर उलट्या डोक्यावर गेलं.

आणि ट्रक बंद पडायला लागले. खूप. मग दुकान आणि कारखाना यांनी मिळून तीन गोष्टी केल्या.

पहिली, लांब विकायचं नाही. सुरुवातीला जवळपासच्याच गिऱ्हाइकाला ट्रक द्यायचा, म्हणजे बंद पडला तर मेकॅनिक लगेच पोचेल. नवीन दुकानाला जास्त विक्रीचा मोह होतो. इथे दुरुस्तीला जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंतच बाजार, असा हिशेब होता.

दुसरी, दुरुस्तीला वाद घालायचा नाही. चूक ड्रायव्हरची का कारखान्याची, हे नंतर. आधी ट्रक चालू करायचा.

तिसरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. किइचिरो स्वतः बंद पडलेल्या ट्रकपाशी जायचा. मालक आणि मुख्य इंजिनिअर रस्त्यावर येऊन बघतोय की काय तुटलं. तुटलेल्या भागाची माहिती परत कारखान्यात जायची आणि पुढच्या ट्रकमध्ये तो भाग सुधारायचा. डीलरची तक्रार म्हणजे कारखान्यासाठी फुकटात मिळालेला बग रिपोर्ट होता.

कामियाने पुढे आयुष्यभर एक क्रम सांगितला: आधी गाडी वापरणारा, मग डीलर, शेवटी कारखाना. असली वाक्यं भिंतीवर लावायला सगळ्यांनाच आवडतात. पण हिनोदेच्या पहिल्या महिन्यांत या क्रमाची किंमत रोख मोजावी लागली होती, म्हणून त्याला वजन आहे.

आता इथेच थांबलो तर गोष्ट फारच गोड होईल. सरकारचीही मदत होती. १९३६ च्या कायद्याने फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या वाढीवर बंधनं आली, आणि १९३९ पर्यंत दोघांचं जपानमधलं काम थांबलं. म्हणजे स्पर्धा फक्त सेवेने जिंकली असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

शिवाय डीलरला सांभाळण्याची पण मर्यादा असते. १९४९ च्या मंदीत गाड्या हप्त्याने विकल्या जात होत्या, पण हप्ते वसूल होत नव्हते. पैसा बाजारात अडकला आणि टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर आली. बँकांनी कर्ज देताना अट घातली: विक्रीची कंपनी वेगळी करा, आणि जेवढं विकलं जाईल तेवढंच बनवा. एप्रिल १९५० मध्ये टोयोटा मोटर सेल्स ही वेगळी कंपनी निघाली, प्रमुख झाला कामिया. कामगार कपात आणि संप झाला. आणि जो माणूस बंद ट्रकपाशी धावत जायचा, त्या किइचिरोने जून १९५० मध्ये राजीनामा दिला.

पण ती अट परत एकदा वाचा. जेवढं विकलं जाईल तेवढंच बनवा. १९२१ मध्ये फोर्डने डीलरांशी केलं त्याच्या अगदी उलट.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. धंदा नवा असताना माल कच्चाच असतो. ट्रक असो, ॲप असो, नाहीतर वडापावची गाडी. तेव्हा विचारायचा प्रश्न असा की, बंद पडल्यावर भुर्दंड कोण भरणार, आणि तिथे धावत कोण जाणार? तुम्ही एजन्सी घेत असाल, फ्रँचायझी घेत असाल, तर सही करायच्या आधी कागदात या प्रश्नाचं उत्तर शोधा. नाही सापडलं तर समजून जा, उत्तर तुम्हीच आहात.

ती नागोयाची एजन्सी पुढे आइची टोयोटा झाली आणि आजही गाड्या विकते. जी-१ ट्रक मात्र चारशेच्या आतच बनले.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर गाडी सावकाश चालवा!