संगणकाचं मराठी आणि अक्काची सीडी

मंडळी, आज शाळकरी पोरंसुद्धा मोबाइलवर मराठीत निरोप धाडतात आणि तो समोरच्याला जसाच्या तसा दिसतो. हे इतकं अंगवळणी पडलंय, की ते किती अलीकडचं आहे हे आपण विसरूनच गेलो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मराठी मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर नेला, तर तो वाचता येईलच याची खात्री नसे. असं का होतं, याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. त्याची झळ आमच्या घरालाही लागली, म्हणून आज लिहायला घेतला.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, हे माणसांनी ठरवायचं. अमेरिकेत १९६३ साली ‘आस्की’ नावाचं कोष्टक ठरलं. त्यात जागा १२८. इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं आणि यंत्राच्या काही खुणा यांतच त्या संपल्या. आपल्याकडे भारतीय लिप्यांचं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोनं ‘इस्की’ हे कोष्टक प्रमाण म्हणून स्वीकारलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीला १२८ घरांची स्वतंत्र आळी मिळाली, तीही इस्कीच्याच आधारानं आखलेली.

म्हणजे कागदावर प्रश्न १९९१ सालीच सुटला होता म्हणा ना! पण बाजाराला धीर नव्हता. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, दिवाळी अंक, सगळं डीटीपीवर छापलं जाऊ लागलं होतं, आणि पानं लावायची सॉफ्टवेअरं इंग्रजीपुरतीच बनलेली. मग फॉन्टवाल्यांनी तोड काढली. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं, किंवा त्याच्या तुकड्याचं, चित्र बसवायचं. उदाहरण देतो. ‘कृतीदेव’ फॉन्टमध्ये आपण ‘काम’ वाचतो, तेव्हा संगणकाच्या पोटात इंग्रजी ‘डी’, ‘के’ आणि ‘ई’ ही तीन अक्षरं असतात. फॉन्ट काढून घेतला की तीच उघडी पडतात. त्यातून बहुतेक कंपन्यांची मांडणी वेगळी. एकाचा ‘क’ जिथे, तिथे दुसऱ्याचा ‘भ’. कित्येकदा फॉन्ट चालायला संगणकामागे कुलूप म्हणून एक डबी लावावी लागे. गिऱ्हाईक एकदा शिरलं की तिथेच बांधलं जाई.

आता आमच्या घरचं. थोरल्या बहिणीनं, म्हणजे आमच्या अक्कानं, माहेरच्या आठवणी लिहिल्या होत्या. जातं, विहीर, आजोळची वाट, बहात्तरचा दुष्काळ, असं बरंच काही. १९९८ साली ते लिखाण तिनं गावातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं आणि पुढे त्याची सीडी करवून घेतली. हस्तलिखित घर बदलताना गेलं. छापलेली एकच प्रत कुणीतरी वाचायला नेली, ती परत आलीच नाही. २००४ साली अक्का गेली. उरली ती सीडी.

२००६ साली मी ती आमच्या नव्या संगणकात घातली. पडद्यावर ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरांचा कचरा! संगणक वॉरंटीत होता, म्हणून कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. “सर, रीस्टार्ट किया क्या?” केलं. दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा, पुन्हा पहिल्यापासून तेच प्रश्न. त्यानं व्हायरस असेल म्हणून सांगितलं. मग घरी एकजण आला, सगळा संगणक फॉरमॅट करून गेला. कचरा होता तिथेच.

तिसऱ्या फोनवरची मुलगी मात्र जाणती निघाली. तिनं भाषांच्या पानावर एक चौकोन शोधून त्यात खूण करायला लावली, विंडोजची सीडी घालायला लावली. विंडोज एक्सपीत मराठी दिसण्याची सोय होती, पण बंद ठेवलेली असे. भाच्याच्या ईमेलमध्ये आजवर नुसते चौकोन दिसत, तिथे आता स्वच्छ मराठी उमटलं. मी हरखलो. अक्काची फाइल उघडली, तर ती तशीच. “सर, फाइल करप्ट है,” म्हणून तिनं फोन ठेवला.

फाइल धडधाकट होती. भाच्याचं पत्र युनिकोडमधलं होतं, अक्काचा मजकूर जुन्या फॉन्टमधला. दुखणी दोन आणि औषधंही दोन. “हा मजकूर टाइप कुठे केला होता?” एवढं एकानंही विचारलं नाही. त्या पोरांचा तेव्हा फार राग आला. आता वाटतं, त्यांच्यापुढच्या प्रश्नावलीत यंत्राची सगळी दुखणी होती, मराठीचा इतिहास कुठून असणार?

असो. शेवटी त्या डीटीपीवाल्यालाच गाठलं. त्याच्या दुकानात आता झेरॉक्स आणि मोबाइलची कार्डं. पण जुना संगणक आणि कुलपाची डबी कोपऱ्यात होती. त्यानं ती जोडली आणि अक्काची ओळ न् ओळ पडद्यावर आली. मी तिथेच मटकन बसलो.

पुढे भाचीनं तो मजकूर एका रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणला. तिथे नवी गंमत. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी टंकलेखन यंत्रासारखी अक्षराच्या आधी टाइप करत, युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. उलटापालट करताना कित्येक वेलांट्या शेजाऱ्याच्या दारात गेल्या, रफार भलत्याच डोक्यावर बसले. ‘शिंकाळं’, ‘निवणं’ असे अक्काचे शब्द कुठल्याच शब्दतपासनिसाला ठाऊक नव्हते. ते मलाच ओळखावे लागले, कारण ते मी तिच्या तोंडून ऐकले होते. दोन पानं अजून पुरती लागलेली नाहीत.

पुढे हळूहळू घडी बसली. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टात ती खूण करावी लागेना. मराठीतल्या ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतःचं घर २००८ साली मिळालं.

तर सांगायचा मुद्दा असा, की नव्या लिखाणाचा प्रश्न मिटला, जुन्याचा नाही. १९९० ते २००५ च्या सुमाराचं कितीतरी मराठी अजून अशाच सीड्यांत अडकलेलं असेल. नात्यातल्या मंडळींना म्हणून विनंती: कपाटं उघडा, फाइल मिळाली तर फॉन्टचं नाव आधी टिपून ठेवा, आणि ती युनिकोडमध्ये आणा. रूपांतरक उद्याही मिळेल. चुकलेली वेलांटी ओळखणारं माणूस मिळेलच असं नाही.

तूर्त इतकंच.