सत्तर पौंडांचे इंजिन

1942 साली सॉलोमन बेटांसाठी जो घनघोर संग्राम झाला, त्याची वर्णने लिहिणाऱ्यांनी विमानवाहू जहाजांना आणि सेनापतींना यथोचित मान दिला आहे. परंतु त्या संग्रामाचे पारडे ज्या सामग्रीमुळे झुकले, तिच्यात सुमारे 70 पौंड वजनाच्या एका लहानशा पेट्रोल इंजिनाचीही गणना केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने किनाऱ्यावरील टेहळणीची व्यवस्था बरीच आधी आखून ठेवली होती. 1939 मध्ये युद्ध सुरू होताच नौदलातून पूर्वी निवृत्त झालेल्या एरिक फेल्ट यांच्याकडे बेटांवरील कारभार आला, आणि नारळाचे मळेवाले, सरकारी अंमलदार व मिशनरी अशा मंडळींच्या हाती त्यांनी टेलिरेडिओ नावाचे बिनतारी संच दिले. या जाळ्याला त्यांनी 'फर्डिनंड' असे नाव ठेवले. टक्कर देण्याऐवजी फुले हुंगत बसणाऱ्या बालकथेतील बैलाचे ते नाव. टेहळ्याने लढाईच्या भरीस न पडता गुपचूप बसून पाहावे, हा त्यातला हुकूम.

गुपचूप बसणे मात्र इंजिनाच्या स्वभावात नव्हते. या संचावरून बोललेले शब्द 400 मैलांपर्यंत आणि कळ दाबून पाठविलेले संकेत 600 मैलांपर्यंत पोहोचत. पण त्याचा सारा प्राण मोटारीत असतात तसल्या बॅटऱ्यांत, आणि त्या उतरल्या की जनित्र फिरविणारे ते इंजिन सुरू करण्यावाचून गत्यंतर नसे. शत्रूची गस्त जवळ आल्यावर पुरा संच हलवायचा, तर 12 ते 16 वाहक लागत. इंजिन हा त्यातील सर्वांत जड नग. त्याच्या मागून बॅटऱ्या, आणि त्या कलंडून आम्ल सांडू नये म्हणून निसरड्या चढणीवर एकेक पाऊल तोलून टाकायचे. शिवाय पेट्रोल संपले की उरलेला लवाजमा केवळ ओझे. हे भार वाहणारे बहुतेक त्याच बेटांवरील रहिवासी होते, आणि धन्यासह पकडले गेलो तर आपली गय होणार नाही, हे ते पुरते जाणून होते.

या खटाटोपाचे मोल 7 ऑगस्ट 1942 रोजी दिसले. अमेरिकन सैन्य ग्वाडलकॅनालवर उतरत असतानाच, बूगनव्हिलच्या दक्षिण टोकाकडे दडून बसलेल्या पॉल मेसन या मळेवाल्याने राबाउलच्या जपानी तळाकडून येणारी 24 बाँबफेकी विमाने पाहिली आणि तत्काळ वर्दी दिली. बेटाच्या उत्तरेस जॅक रीड हा अंमलदार हेच काम करीत होता. अशा वर्दीमुळे ग्वाडलकॅनालला सुमारे दोन तासांची सवड मिळे. जड अंगाच्या अमेरिकन लढाऊ विमानांना शत्रूच्या वर चढून दबा धरण्यास तेवढी पुरत असे. त्या सकाळी बॅटऱ्या उतरलेल्या असत्या, तर मेसनची तीक्ष्ण दृष्टी काय कामाची होती?

पुढे जपानी गस्तीचा फास इतका आवळला, की 1943 च्या जुलैत दोघांनाही अमेरिकन पाणबुडीतून बाहेर काढावे लागले. अमेरिकेने दोघांनाही 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' हे मानचिन्ह दिले, ते सर्वस्वी योग्यच झाले. परंतु इंजिन खांद्यावर वाहून नेणाऱ्यांची नावे या युद्धावरील ग्रंथांत क्वचितच आढळतात, आणि याचा दोष इतिहासकारांच्या पदरी घातला पाहिजे.