वांकलेला कणा आणि माणसाचे प्रयत्न

महाड व पोलादपूर ह्या दोन तालुक्यांचा इतिहास म्हटला कीं रायगडचा राज्याभिषेक, उमरठचे तानाजी मालुसरे, पोलादपूरची कवींद्र परमानंदांची समाधि आणि १९२७ सालचा चवदार तळ्याचा सत्याग्रह हीं प्रकरणें प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे व पुढेंही लिहिलें जाईल. आज मी ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें, तो शिलालेखांत किंवा बखरींत सांपडावयाचा नाहीं. तो माणसाच्या पाठीच्या कण्याचा इतिहास आहे. वाढत्या वयांतील एखाद्या मुलाचा, आणि त्याहूनही अधिक वेळां एखाद्या मुलीचा कणा कांहीं उघड कारण नसतां एका बाजूस वळूं लागतो. तो सरळ करण्यासाठीं माणसानें आजवर काय काय केलें, आणि त्या खटपटींतून आपल्या हातीं आज काय आलें आहे, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

प्रथम विकाराचें स्वरूप पाहूं. निरोगी मनुष्याचा कणा मागून पाहिला असतां उभ्या सरळ रेषेंत दिसतो. ह्या विकारांत तो बाजूस वळतो आणि त्याबरोबर मणके आपल्या आंसाभोंवतीं पिळलेही जातात. ह्या पिळामुळें एका बाजूच्या बरगड्या मागें उचलल्या जातात, एक खांदा वर राहतो, कमरेची एक बाजू भरलेली तर दुसरी खोल दिसते. डॉक्टर ह्यास स्कोलिओसिस म्हणतात. वळण १० अंशांहून अधिक असेल तरच त्यास हें नांव देतात, आणि वयांत येणाऱ्या मुलांपैकीं शेंकडा दोन-तीन मुलांत तें आढळतें. त्यांतील बहुतेकांस कसल्याही उपचाराची गरज पडत नाहीं. वळण वाढत जाणारीं मुलें थोडीं, आणि त्यांत मुलींची संख्या फार मोठी. कांहीं घराण्यांत हा विकार पुन्हां पुन्हां दिसतो, परंतु त्याचें मूळ कारण अद्याप उलगडलेलें नाहीं. दप्तराच्या ओझ्यानें, डोक्यावर हंडे वाहिल्यानें, वांकडें बसल्यानें किंवा आईनें गरोदरपणीं ग्रहण न पाळल्यानें तो होत नाहीं, हें मात्र निश्चित आहे. आपल्या भागांत कित्येक आया हा दोष विनाकारण स्वतःच्या माथीं घेऊन बसतात, म्हणून हें आधीं सांगितलें.

आपल्या पूर्वजांस हा विकार ठाऊक होता. चरकसंहितेंत वाताच्या ऐंशीं विकारांची यादी आहे, तींत कुब्जत्वाचा उल्लेख येतो. भागवताच्या दशमस्कंधांत मथुरेच्या राजमार्गावर श्रीकृष्णास भेटणारी कुब्जा तीन ठिकाणीं वांकलेली होती, म्हणून तिला त्रिवक्रा म्हटलें आहे. भगवंतांनीं तिचीं पावलें आपल्या पायांनीं दाबून धरलीं, हनुवटीखालीं दोन बोटें लावलीं आणि तिला वर उचलून सरळ केलें, असें तेथें वर्णन आहे. खालून धरावें आणि वरून ताणावें, ही युक्ति कवीच्या मनांत आली ही लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे, कारण जगांतील वैद्यही शतकानुशतकें तीच युक्ति करून पाहत होते. महाभारतांतील अष्टावक्राचें शरीर तर आठ ठिकाणीं वांकडें होतें. पण जनकाच्या सभेंत त्यानें वाद जिंकला तो समंगा नदींत स्नान करून सरळ होण्यापूर्वी, मागाहून नव्हे. कथाकारानें हा क्रम उगाच ठेवलेला नाहीं.

ग्रीस देशांत हिपॉक्रेटिस ह्या वैद्याच्या नांवावर जे ग्रंथ आहेत, त्यांत रोग्यास शिडीस बांधून ती शिडी उंचावरून खालीं आपटण्याचा उपाय वर्णिलेला आहे. मात्र ह्या उपायानें कोणाची पाठ सरळ झाल्याचें आपल्या माहितींत नाहीं, आणि गर्दीला थक्क करूं पाहणारे वैद्यच तो बहुधा करतात, असा शेराही त्याच ग्रंथांत मारलेला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलन ह्या वैद्यानें ह्या विकारास आजचें नांव दिलें. सोळाव्या शतकांत फ्रान्समध्यें आंब्रोआझ पारे ह्यानें लोखंडी पत्र्याची चोळी करविली. १७४१ सालीं निकोलस आंद्री ह्या फ्रेंच डॉक्टरानें मुलांचीं वांकडीं अंगें सरळ करण्याविषयीं एक ग्रंथ लिहिला. वांकलेल्या रोपट्यास खुंटाशीं दोरीनें बांधल्याचें त्यांतील चित्र आजही अस्थिशल्यवैद्यांचें बोधचिन्ह आहे. परंतु रोपट्याच्या खोडाला दोरी सोसते, मुलाच्या मनाला ती सोसेलच असें नाहीं, हा विचार त्या काळीं कोणी फारसा केला नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या गेरँ नांवाच्या डॉक्टरानें पाठीचे स्नायू कापून कणा सरळ होतो असा गाजावाजा केला. त्याच्याच व्यवसायबंधूंनीं त्याचे दावे तपासले, तेव्हां ते टिकले नाहींत. ह्याच शतकांत एक साधी पण टिकाऊ गोष्ट हातीं लागली. १८६५ सालीं इंग्लंडच्या विल्यम अ‍ॅडम्स ह्यांनीं असें दाखविलें कीं, मुलाला गुडघे न वांकवितां पुढें वांकावयास सांगून पाठीमागून पाहिलें, तर पिळलेल्या बरगड्यांचा उंचवटा ताबडतोब नजरेस येतो. त्यानंतर न्यूयॉर्कच्या लुइस सेअर ह्यांनीं रोग्यास हनुवटीखालून टांगून, ताणलेल्या स्थितींत प्लास्टरचें कवच घालण्याची पद्धत रूढ केली. ही एक प्रकारें कुब्जेचीच कथा. फक्त येथें कवच काढलें कीं कणा पुन्हां वळे. १८९५ सालीं राँटगेननीं क्ष-किरण शोधले, आणि आंतील कणा प्रथमच जिवंत माणसांत डोळ्यांस दिसूं लागला.

शस्त्रक्रियेचा आरंभ दुसऱ्याच रोगापासून झाला. मणक्यांच्या क्षयानें वांकणारी पाठ थांबविण्यासाठीं १९११ सालीं न्यूयॉर्कमध्यें रसेल हिब्ज ह्यांनीं शेजारशेजारचे मणके एकमेकांशीं जोडून टाकण्याची क्रिया प्रसिद्ध केली. १९१४ पासून ते तीच क्रिया ह्या विकारावर करूं लागले. तत्त्व सोपें आहे: जो भाग एकसंध झाला तो पुढें वळत नाहीं. परंतु हाड जुळून येईपर्यंत मुलांना कित्येक महिने प्लास्टरमध्यें अंथरुणावर पडून राहावें लागे. १९४१ सालीं अमेरिकेंतील अस्थिशल्यवैद्यांच्या संघानें ४२५ रोग्यांचा पडताळा घेतला, तेव्हां सर्वच उपचारांचें फळ निराशाजनक निघालें. स्वतःच्या कामाचा असा प्रामाणिक हिशेब मांडणें हीच ह्या शास्त्रांतील प्रगतीची खरी पायरी होय. १९४८ सालीं जॉन कॉब ह्यांनीं वळणाचें माप अंशांत घेण्याची रीत सांगितली, आणि जगभरच्या डॉक्टरांना एका भाषेंत बोलतां येऊं लागलें.

पुढचें पाऊल पोलिओच्या सांथींतून पडलें. ह्या रोगानें स्नायू लुळे पडलेल्या मुलांचे कणे झपाट्यानें वांकत. अमेरिकेंत ह्यूस्टन येथें पॉल हॅरिंग्टन ह्यांनीं अशा मुलांच्या पाठींत पोलादाची सळई व आंकडे बसवून कणा आंतूनच ताणला. नुसती सळई बसविली तर ती कालांतरानें तुटते किंवा निसटते, असें त्यांस आढळलें. मग सळईबरोबर मणके जोडण्याची हिब्जची क्रिया त्यांनीं केली, आणि १९६२ सालीं आपले अनुभव प्रसिद्ध केले. पोलिओनें आपल्याकडेही थैमान घातलें होतें. मुंबईंत फातिमा इस्माईल ह्या बाईंची स्वतःची मुलगी त्या रोगानें अधू झाली, तेव्हां १९४७ सालीं त्यांनीं अशा मुलांसाठीं उपचाराचें काम उभें केलें. त्यांतूनच पुढें हाजीअलीचें मुलांचें अस्थिरुग्णालय आकारास आलें. २०११ च्या जानेवारींत भारतांतील पोलिओचा शेवटचा रोगी नोंदला गेला, आणि २०१४ सालीं देश पोलिओमुक्त ठरला. ज्या रोगानें ही सळई जन्मास घातली तो गेला. सळई मात्र इतर मुलांच्या उपयोगास राहिली.

हॅरिंग्टनची सळई कणा लांब करी, पण पीळ काढीत नसे, व कमरेची स्वाभाविक कमान सपाट करी. १९८० नंतर कोत्रेल व द्युबुसे ह्या फ्रेंच डॉक्टरांनीं दोन सळया व अनेक आंकडे वापरून पीळही उलगडण्याची पद्धत काढली. आतां मणक्यांत स्क्रू बसवून त्यांवर सळया धरतात. सर्वांत मोठी भीति असते ती मज्जारज्जूस इजा होऊन पाय लुळे पडण्याची. १९७३ सालीं ल्यों येथील स्टानारा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शस्त्रक्रिया चालू असतांनाच रोग्यास क्षणभर जागें करून पाय हलवावयास सांगण्याची परीक्षा प्रसिद्ध केली. आतां विजेच्या सूक्ष्म लहरींनीं मज्जारज्जूवर सतत लक्ष ठेवतां येतें. त्यामुळें एरवीं निरोगी असलेल्या मुलांत हा धोका शंभरांत एकाहूनही कमी झाला आहे. तो शून्य झालेला नाहीं, हेंही तितकेंच खरें.

येथें इतिहास संपतो आणि घरांतला प्रश्न सुरू होतो. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडींतून येणारी एक मुलगी माझ्या वर्गांत होती. कवाइतीच्या तासाला ती रोज कांहीं तरी निमित्त सांगून बाजूस बसे. तिचें वळण वाढल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनीं शस्त्रक्रियेचा विचार करा असें सांगितलें. वडील मजकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, ऑपरेशन झाल्यावर पोर वाकंल का? लावणी कशी करील?" आईची काळजी लग्नाची होती. मुलीला कोणी कांहींच विचारलें नव्हतें. मीं विचारलें तेव्हां ती म्हणाली, "गुरुजी, हें माझ्या चुकीनं झालं नाही, एवढं आधी घरी सांगा." पुढें त्या घरानें काय ठरविलें तो त्यांचा खासगी विषय आहे. परंतु त्या तिघांचेही प्रश्न खरे होते, आणि त्यांची उत्तरें देतां येतात.

वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर असें: जोडलेला भाग पुन्हां वांकत नाहीं, मात्र खुबे व गुडघे वांकतात. जोड जितका कमरेकडे खालीं जाईल तितकें वांकणें कमी होतें. म्हणून कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत जोडणार, हें डॉक्टरांस आधींच विचारावें. चिखलांत दिवसभर ओणवें राहून जिला पोट भरावयाचें आहे, तिच्या बाबतींत हा प्रश्न शहरांतील मुलीपेक्षां निराळा आहे, आणि तो विचारण्यांत अडाणीपणा नाहीं. आईच्या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंतील आयोवा येथील पाहणींत आहे. तेथें उपचार न घेतलेल्या रोग्यांवर पन्नास वर्षें लक्ष ठेवून २००३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांना पाठदुखी अधिक होती, आपल्या पाठीच्या दिसण्याचें दुःखही होतें. पण बहुतेकांनीं कामधंदा व संसार चारचौघांसारखा केला होता. फार मोठ्या वळणांत मात्र श्वासाला अडचण होऊं शकते.

म्हणून घाईही नको आणि दिरंगाईही नको. वाढ चालू असतां वळण २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर पट्टा देतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडांतील पाहणींत पट्टा वापरणाऱ्या शंभरांपैकीं ७२ मुलांचें वळण शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेलें नाहीं. नुसतें लक्ष ठेवलेल्यांत हें प्रमाण ४८ होतें. पट्टा दिवसाकाठीं जितके अधिक तास बांधला, तितका गुण अधिक. वैशाखाच्या उकाड्यांत महाडसारख्या गांवीं तो बांधून शाळेंत बसणें किती कठीण आहे, हें डॉक्टरांइतकेंच शिक्षकांनींही ओळखलें पाहिजे. वळण सुमारें ५० अंशांवर गेलें कीं वाढ थांबल्यावरही तें हळूहळू वाढत राहण्याचा संभव असतो, आणि तेव्हां शस्त्रक्रियेचा प्रश्न उभा राहतो. ती वेळ येण्यापूर्वी पट्ट्याची वेळ असते. ती आपल्या भागांत बहुधा ओढणीखालीं झांकली जाऊन निघून जाते. हीच खरी हानि आहे.

ती टाळण्यास मोठी यंत्रसामुग्री लागत नाहीं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनीं सूर्यनमस्काराचा प्रसार केला, त्यांत हात जमिनीस टेकवून वांकण्याची जी अवस्था आहे, ती आणि अ‍ॅडम्सची परीक्षा एकच. सूर्यनमस्कारानें वळलेला कणा सरळ होत नाहीं; पण त्या अवस्थेंत शिक्षिकेनें मुलींच्या व शिक्षकानें मुलांच्या मागें उभें राहून वर्षांतून दोनदां नीट पाहिलें, तर पुष्कळ मुलांचा विकार वेळेवर कळेल. नीट पाहण्याचें मोल महाडला नव्यानें सांगावयास नको. येथील डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं विंचूदंशाच्या रोग्यांजवळ बसून त्यांचीं लक्षणें टिपलीं, आणि १९८२ सालीं तीं लॅन्सेटमध्यें छापून आलीं.

मुंबई महाडपासून सुमारें १७५ किलोमीटर आहे. पोलादपूरच्या वाड्यांना ती त्याहूनही दूर. प्रत्येक खेपेस मजुरी बुडते. २०१२ सालीं राज्याची जी आरोग्य योजना सुरू झाली, तिच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले ह्यांच्या नांवानें ओळखली जाते. आपल्या मुलाचें काम तींत बसतें काय, हें रुग्णालयांतील आरोग्यमित्रास प्रथम विचारावें. त्यानंतर डॉक्टरांस विचारावें: वळण किती अंशांचें, वाढ किती उरली, शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, केल्यास काय गमवावें लागेल. आणि हें सर्व बोलणें त्या मुलाच्या किंवा मुलीच्या समोर व्हावें. शिडीपासून सळईपर्यंत सारे उपाय मोठ्यांनीं ठरविले आणि मुलांनीं सोसले, असा हा इतिहास आहे. त्याच्या पुढच्या पानावर तरी, ज्याची पाठ त्याचा शब्द, असें लिहिलें जावें.