पाणीकपात सर्वांना सारखी असते का? महाड ते मुंबई

पाऊस लांबला आणि तलावांचा साठा तळाला गेला की मुंबई महानगरपालिका पाणीकपात जाहीर करते. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात झाली. पाणी कमी असेल तर काटकसर सर्वांनीच केली पाहिजे, याला आमचा विरोध नाही. पण 'कपात सर्वांना सारखी' हे म्हणणे खरे आहे का, हे आपण इतिहासाच्या आधारे तपासले पाहिजे.

नगरपालिका, पाणी आणि आपण यांचे नाते महाडने शिकवले. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला, तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह ते पाणी प्राशन केले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. त्यावर आपल्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. पुढे तळे खाजगी असल्याचा दावा करून सवर्ण कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. एका घोटासाठी दहा वर्षे!

लक्षात घ्या, महाडला दुष्काळ नव्हता. तळ्यात पाणी भरपूर होते. तुटवडा हक्काचा होता.

आता मुंबईकडे या. इथे जातीचे नाव कोणी घेत नाही, तारखेचे घेतात. झोपडी अमुक तारखेनंतरची असेल तर अधिकृत नळजोडणी नाही, हे धोरण वर्षानुवर्षे चालले. त्याविरुद्ध पाणी हक्क समिती न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की पाण्याचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे आणि घर बेकायदेशीर असले तरी तो नाकारता येत नाही. महापालिकेचे 'सर्वांसाठी पाणी' धोरण यायला मात्र २०२२ उजाडले. महाडसारखेच : आधी निकाल, मग वाट पाहणे.

कपातीचा हिशेबही मांडू. महापालिकेच्या नियोजनात इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर धरले गेले. दोघांचेही १० टक्के कापले. पहिल्याकडे १२१.५ लिटर उरतात, दुसऱ्याकडे ४०.५. पहिल्याची गाडी धुवायची राहते. दुसऱ्याच्या घरात आंघोळ, भांडी की स्वयंपाक, यातून एक निवडावे लागते. शिवाय इमारतीला खाली टाकी आणि पंप असतो. कपातीत दाब कमी झाला की वस्तीतल्या शेवटच्या नळाला थेंबही येत नाही. त्या घराची कपात १० टक्के नसते, १०० टक्के असते. ज्यांना नळच नाही ते तर बारा महिने विकतचे पाणी पितात. त्यांची कपात कोणत्या परिपत्रकात मोजली जाते?

असमानांना समान कात्री लावणे म्हणजे समता नव्हे. महाडला आपण केवळ तहान भागवायला गेलो नव्हतो, माणूस म्हणून समान हक्क बजावायला गेलो होतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी कपातीच्या काळात वॉर्ड ऑफिसला जाऊन तीन गोष्टी लेखी मागाव्यात. आपल्या वस्तीचे पाणी सोडण्याचे वेळापत्रक. टँकर कुठे, किती गेले याची नोंद. आणि ४५ लिटरवाल्यांना कपातीतून पूर्ण सूट. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. ठराव आपोआप अमलात येत नाही, हा महाडचा धडा आहे. तो अमलात आणावा लागतो.

जय भीम!