लेथवरच्या सळईचा वंश

कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला की स्टॅबिलायझर बंद करायचा, हा नियम फोटोग्राफीच्या शिबिरांत हमखास सांगितला जातो. का, असं विचारलं तर उत्तर येतं, 'नाहीतर फोटो हलतो.' हलणं थांबवायला बसवलेली यंत्रणा कॅमेरा स्थिर असतानाच फोटो हलवते, आणि हे ऐकून कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही, याचं मला नवल वाटतं. तो विचारला की माणूस मागे मागे जात थेट 1850च्या आसपासच्या पॅरिसमध्ये, एका लेथपाशी पोचतो.

भौतिकशास्त्रज्ञ लेओं फुकोने लेथच्या चकमध्ये पोलादाची एक लांब, बारीक सळई पकडली, तिचं मोकळं टोक बोटाने छेडलं आणि चक हळूहळू फिरवला. सळई चकबरोबर स्वतःभोवती फिरली, पण टोक ज्या दिशेने झुलत होतं ती दिशा बदलली नाही. खालचा आधार फिरला तरी कंपन आपली पातळी सोडत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. चकच्या जागी पृथ्वी ठेवली की झाला फुकोचा लंबक. 1851मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये 67 मीटर तारेला 28 किलोचा गोळा लटकवून त्याने पृथ्वी फिरताना दाखवली, हे शाळेतच वाचलेलं असतं. (पुण्यात आयुकाच्या आवारातही असा लंबक आहे. पॅरिसमध्ये झोक्याची पातळी तासाला 11 अंशांहून थोडी जास्त वळते, पुण्याच्या अक्षांशावर जेमतेम पावणेपाच.) पुढच्याच वर्षी त्याने गरगर फिरणाऱ्या चाकाचा जायरोस्कोप केला. तो दहाएक मिनिटं चालायचा आणि त्याचं सरकणं सूक्ष्मदर्शकातून पाहावं लागायचं.

स्टॅबिलायझरची वंशावळ मांडणारे बहुतेक जण इथेच चुकतात. कॅमेरा किती वळला ते स्टॅबिलायझरला सांगणाऱ्या, लेन्समधल्या सेन्सरचं नाव जायरो, म्हणून ते त्याला 1852च्या चाकाच्या पोटी जन्माला घालतात. जहाजांची आणि विमानांची जुनी उपकरणं त्या चाकाची लेकरं, हे मान्य. पण लेन्स उघडून पाहा, सेन्सरमध्ये चाक नाहीच. तिथे एक चिमुकला तुकडा सतत थरथरत असतो. मुराता कंपनीच्या गाजलेल्या जायरोस्टारमध्ये ती त्रिकोणी छेदाची दांडी होती, आजच्या मोबाइलमध्ये सिलिकॉनचा कण आहे. कॅमेरा वळला की थरथर जुनी पातळी सोडायला तयार नसते, म्हणून ती काटकोनात आडवी झिरपते. तेवढ्या झिरपण्यातून वीज उमटते आणि किती वळलो ते चिपला कळतं. ही फुकोच्या लेथवरची सळई आहे, दुसरं काही नाही. जायरोस्कोप तिचा धाकटा भाऊ.

या दाव्याला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिली घरमाशी. माशीला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी दोन गुंडीदार दांड्या असतात आणि उडताना त्या पंखांच्याच तालात फडफडतात. त्या काढल्या तर माशीचा तोल जातो, हे विल्यम डेरहॅमने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवलं होतं. त्या दांड्या वळण मोजतात, हे जीवशास्त्रज्ञ प्रिंगल यांनी 1948मध्ये सविस्तर मांडलं. त्याच सुमारास स्पेरी कंपनीने नादकाट्याच्या आकाराचा कंपनजायरो बनवला होता, आणि तो माशीवरून सुचला असं सांगितलं जातं. गोष्ट गोड आहे. पण पातळी न सोडणारं कंपन हे तत्त्व फुकोने शंभर वर्षं आधी यंत्रावर दाखवून ठेवलं होतं. माशीला फार तर मावशी म्हणू.

दुसरा दावेदार हुआन दे ला सिएर्वा इ ओसेस हा स्पॅनिश संशोधक. द्रव भरलेल्या प्रिझमने चित्र स्थिर करणाऱ्या त्याच्या डायनालेन्सला 1970मध्ये ऑस्करचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. पण प्रिझम हा हात झाला, वळण ओळखणारा कान निराळा. मी कानाचा वंश शोधतो आहे.

तो कान कॅमेऱ्यात बसवायची कल्पना मात्सुशिता, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकमधल्या मित्सुआकी ओशिमा यांची. ते मोटारींना रस्ता दाखवणाऱ्या यंत्रणेसाठी कंपनजायरोवर काम करत होते. हवाईच्या सहलीत, धावत्या गाडीतून चित्रण करणाऱ्या सहकाऱ्याचे थरथरते हात पाहून त्यांना ते सुचलं. 1988मध्ये असा व्हिडिओ कॅमेरा बाजारात आला, 1994मध्ये निकॉनचा झूम 700व्हीआर, आणि 1995मध्ये कॅननची 75-300 लेन्स. 'ट्रायपॉडवर बंद करा' हा नियम रुळला तो याच पिढीच्या लेन्सपासून.

नियमाची कारणं दोन सांगतात. एक, लेन्समधला सरकता भाग स्वतःच ट्रायपॉडला हलवतो, ते हलणं सेन्सरला जाणवतं आणि तो आणखी सरकवतो. हे चक्र थांबत नाही. मधला दांडा पूर्ण वर काढलेल्या हलक्या ट्रायपॉडवर हे होऊ शकतं. दुसरं मला जास्त पटतं: सेन्सरचा शून्य शून्यावर टिकत नाही, कॅमेरा स्थिर असतानाही तो थोडंसं वळण सांगत राहतो. हाताचा कंप सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा होतो, त्याच्या गलक्यात ही कुजबुज ऐकू येत नाही. ट्रायपॉडवर गलका थांबतो, मग यंत्रणा कुजबुजीलाच हालचाल समजते. 1999च्या मोठ्या टेलिफोटो लेन्समध्ये कॅननने ट्रायपॉड ओळखायची सोय केली ती यासाठीच.

आणि इथे माझी लाडकी कल्पना येते. ट्रायपॉडवरचा कॅमेरा स्थिर आहे असं आपण म्हणतो, सळई तसं म्हणत नाही. ती वळण मोजते ते ताऱ्यांच्या संदर्भात, आणि ट्रायपॉडखालची जमीन सेकंदाला 15 विकला वेगाने वळते आहे. 300 मिमी लेन्स पूर्वेकडे रोखली, चित्र टिपणाऱ्या सेन्सरचा पिक्सेल 4 मायक्रॉनचा धरला आणि यंत्रणेने हे वळण इमानेइतबारे 'दुरुस्त' केलं, तर एका सेकंदात समोरचा डोंगर पाच पिक्सेलांहून जास्त सरकेल. लेन्स उत्तरेकडे वळवली तर पुण्यात त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच, कारण पृथ्वीचा आस मग लेन्सच्या रोखाजवळ येतो. 1/100 सेकंदात मात्र हे सरकणं पिक्सेलाचा दहावा भागही भरत नाही. शिवाय 1995च्या जायरो सेन्सरचा स्वतःचा गोंधळ पृथ्वीच्या वळणाहून कितीतरी मोठा. म्हणजे त्या काळच्या नियमाचा दोष पृथ्वीवर ढकलता येत नाही, हे मला मान्य करावं लागतं.

पण 2016मध्ये ऑलिम्पसचे सेत्सुया काताओका यांनीच मुलाखतीत सांगितलं, की स्टॅबिलायझरला साडेसहा स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट लांब एक्स्पोजर) पुढे जाणं तूर्त अवघड, कारण पृथ्वीचं भ्रमण जायरोच्या आड येतं. सळईचा कान तोवर इतका तिखट झाला होता, की फुकोला जे ऐकायचं होतं ते कॅमेऱ्याला नको असताना ऐकू येऊ लागलं. पुढे 2019च्या ई-एम1एक्सने नव्या जायरोच्या जोरावर साडेसात स्टॉप गाठले.

पेंटॅक्सने तर अडचणीचाच धंदा केला. 2011च्या ओ-जीपीएस1 या जोडणीने स्टॅबिलायझरचा सरकता, चित्र टिपणारा सेन्सर पृथ्वीच्या वेगाने हलवून ताऱ्यांचा पाठलाग करता येतो, आणि तोही ट्रायपॉडवर. मग तारे ठिपके राहतात, झाडं-डोंगर मात्र फरफटतात.

मोनोपॉडला हा नियम लावू नका. एका पायावर कॅमेरा खालीवर कमी होतो, पण डुलतो आणि वळतो, म्हणजे सळईला खरंखुरं काम असतं. स्टॅबिलायझर चालू ठेवा, आणि धावत्या माणसाबरोबर कॅमेरा फिरवत असाल तर लेन्सवरचा मोड 2 निवडा. ट्रायपॉडचं डोकं सैल ठेवून पक्षी टिपत असाल तरीही चालूच. डोकं घट्ट आवळून सेकंदाहून लांब एक्स्पोजर देताना मात्र बंद करा, मग लेन्स कितीही नवी असो.